हिंगण्याच्या माळावरचं बिऱ्हाड

मुलीनं घर सोडायचं ते अक्षता पडल्यावर, ही आपल्याकडची जुनी रीत. पण हल्ली घरोघरी आणखी एक पाठवणी होऊ लागली आहे. तिला मुहूर्त नसतो, सनई-चौघडा नसतो. रुखवताच्या जागी प्लॅस्टिकची बादली आणि गादीची वळकटी असते. बारावीला गुण चांगले पडले, की लहान गावांतल्या मुली पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात जाऊन आयुष्यात पहिल्यांदाच परक्या छपराखाली आपलं अंथरूण टाकतात.

गेल्या श्रावणात माझ्या ताईच्या लेकीला पुण्याला, कर्वेनगरच्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. ताई दापोलीतच दिलेली. भाओजींना दुकान सोडून निघणं शक्य नव्हतं, म्हणून पोचवायला मी गेले. माझी शाळेतली नोकरी अर्धवेळ, तेव्हा दोन दिवसांची रजा मिळून गेली.

घरात सगळ्यांचं एकमत होतं असं मात्र नाही. ताईच्या सासूबाई म्हणत होत्या, "रत्नागिरीला कॉलेजं नाहीत का? तिथं मामाकडे राहील. खाणावळीचं खाऊन पोरीच्या अंगाला काय लागणार?" प्रश्न खाण्याचा नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. लग्न व्हायच्या आधी मुलगी कुणाच्या नजरेखाली राहणार, हा खरा प्रश्न. वीस वर्षांत ताईनं सासूबाईंना उलट उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "पैसे भरलेत, आई. ती जाणार."

ताईला स्वतःला रसायनशास्त्र घेऊन पुण्याला शिकायचं होतं. आमच्या घरी तेव्हा "मुलगी हॉस्टेलात ठेवायची नाही" एवढ्या एका वाक्यात तो विषय मिटला. तिनं गावातच बी.ए. केलं, मीही केलं. या गोष्टीला वीसपेक्षा जास्त वर्षं झाली, पण काही गोष्टी माणूस विसरत नाही, नुसत्या बोलत नाही.

एस.टी.त २०२३ च्या मार्चपासून बायकांना निम्मं तिकीट झालं, त्यामुळे आम्ही तिघी दीड तिकिटात निघालो. माणगाव मागं पडलं आणि गाडी ताम्हिणीला लागली. श्रावणातली ताम्हिणी काय वर्णावी! दोन्ही अंगांनी पाणी कोसळत होतं, मध्येच धुकं असं उतरे की पुढचा रस्ताच नाहीसा होई. एरवी अशा ठिकाणी आमची भाची खिडकीतून हात बाहेर काढून ओरडली असती. आज ती गप्प. मुळशीचं पाणी दिसलं, पिरंगुटचे कारखाने आले, चांदणी चौकातल्या पुलांची गुंतवळ ओलांडली आणि पुणं लागलं.

आजचं कर्वेनगर म्हणजे पूर्वीचं हिंगणे बुद्रुक. आता तिथं इमारतींची आणि रिक्षांची दाटी आहे. पण १९०० साली हा गावाबाहेरचा ओसाड माळ होता. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी सुरू केलेला आश्रम या माळावर आणला, तो एका झोपडीत. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं आणि मग चिखल तुडवत कोसा-दोन कोसांची वाट चालून हिंगण्याला यायचं, असा त्यांचा क्रम. ती झोपडी संस्थेनं आवारात जपून ठेवली आहे. तुम्ही गेलात तर जरूर पाहा.

आम्हा दापोलीकरांना अण्णा परके नाहीत. त्यांचं मुरुड आमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर. सोळा-सतरा वर्षांचे असताना ते परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत भर पावसात डोंगर ओलांडून चालत गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही, ही गोष्ट आमच्या शाळेत दरवर्षी सांगतात. पुढची गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं, म्हणून याच मुरुडनं त्यांच्यावर बहिष्कार टाकला.

त्यांची ती पत्नी म्हणजे बाया कर्वे, माहेरची देवरुखकडची गोदूबाई. लहानपणीच वैधव्य आलेलं. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा त्यांच्या भावानं त्यांना तिथं शिकायला ठेवलं. म्हणजे कोकणातून निघून वसतिगृहात राहणारी बाई सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेली. ताईला मी हे गाडीतच सांगितलं होतं. झोपडीपुढं उभी राहून ती म्हणाली, "आपल्याला हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर?" मी काही बोलले नाही.

खोली चौघींची. प्रत्येकीला एक कॉट, टेबल-खुर्ची आणि कपाट. एक मुलगी लातूरची, एक जळगावची, तिसरी अजून यायची होती. लातूरच्या मुलीच्या आईनं शेंगाचटणीचा डबा उघडून आमच्यापुढं धरला, ताईनं मेतकुटाची बरणी काढली. दहा मिनिटांत दोघी आया अशा बोलू लागल्या, जशा दोन विहिणी. मुली मात्र आपापल्या कपाटात डोकं खुपसून बसल्या होत्या!

मग रेक्टरबाईंना भेटलो. मला वाटलं, ताई आता जेवणाचं विचारील, दार कधी बंद होतं ते विचारील. ताईनं विचारलं, "लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते?" भाचीनं चमकून आईकडे पाहिलं. आपल्या आईलाही असं काही विचारावंसं वाटतं, हे बहुधा तिला त्या दिवशी कळलं.

ज्यांच्या घरून पुढच्या वर्षी कुणी निघणार आहे, अशा मैत्रिणींसाठी चार गोष्टी सांगते. सामान भरण्याआधी वसतिगृहाच्या नियमांचा कागद वाचा. विजेची शेगडी, किटली बऱ्याच ठिकाणी चालत नाही, मग ती परत आणावी लागते. कुलपं दोन घ्या, एक कपाटाला, एक पेटीला, आणि जादा किल्ली मुलीनं वेगळ्या जागी ठेवावी. वाळत घालायची दोरी, चिमटे, सुई-दोरा, महिन्याचं सामान आणि तापाच्या गोळ्या विसरू नका. कपड्यांवर आतल्या बाजूनं नाव टाचा. कागदपत्रांच्या झेरॉक्स आणि फोटो जास्तच असू द्या. खाऊ द्यायचा तो चौघींना पुरेल असा द्या. एकटीपुरता दिलेला डबा वसतिगृहात मैत्री जोडत नाही.

पैशांचं म्हणाल, तर २०२४ मध्ये शासनानं निर्णय केला, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला शासनाच्या प्रवेशफेरीतून प्रवेश मिळाला असेल, तर मुलींचं शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. राहण्या-जेवणाचा खर्च त्यात येत नाही, तो वेगळा धरून ठेवा. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्त्याची निराळी योजना आहे. तिची चौकशी कॉलेजच्या कचेरीत करावी. उत्पन्नाचा दाखला मात्र वेळेवर काढा.

आणि फोन. दिवसातून दहादा "जेवलीस का?" विचारू नका. एक वेळ ठरवा. पहिले पंधरा दिवस मुलगी रडली तरी लगेच गाडीत बसू नका. ताईनं हे पाळलं. रात्री साडेआठला फोन झाला, की ती देवघरात जाऊन जरा वेळ बसे, पण पुण्याला गेली नाही.

दिवाळीला भाची आली ती मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन, आणि बोलण्यात दोन-चार लातुरी शब्द घेऊन. आजीनं आधी तिचं मनगट धरून पाहिलं, वाळली का ते. मग खोलीतल्या प्रत्येक मुलीचं नाव, गाव, घरी कोण कोण, सगळं विचारून घेतलं. जायच्या दिवशी त्यांनी स्वतः डबा भरला. बेसनाचे लाडू मोजून चोवीस. झाकण लावताना म्हणाल्या, "ती लातूरची लांबून येते म्हणतेस ना? तिला दोन जास्त दे."

ताई चुलीशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पोळ्या लाटायला घेतल्या.