खंड्याची चार जेवणे

विहिरीवरच्या मोटारीची केबल एकाच हिवाळ्यात दोनदा कापून नेली, तेव्हा घरात सगळ्यांचे एकमत झाले की वस्तीवर कुत्रे हवे. थोरल्या मुलाने गावातून पिल्लू आणले. पांढरे, एका कानावर तांबूस ठिपका. त्याचे नाव मोत्या. डोळे उघडून जेमतेम पंधरा दिवस झाले असतील. इतके लहान पिल्लू आईपासून तोडू नये, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते!

त्याला आम्ही कसे जेवू घालत होतो, हे सांगताना आजही ओशाळल्यासारखे होते. रात्री सगळ्यांची जेवणे उरकली की उरलेली भाकरी म्हशीच्या दुधात कुस्करायची आणि जर्मनची थाळी तुडुंब भरून त्याच्यापुढे सरकवायची. मग दुसऱ्या रात्रीपर्यंत कोणी विचारायचे नाही. मोठ्या कुत्र्याला आपण असेच घालतो, मग हे निराळे काय, अशी आमची समजूत. ते अधाशासारखे खाई. पोट नगाऱ्यासारखे फुगे. आम्ही कौतुकाने म्हणत असू, "पोट भरलं गड्याचं!" दिवसभर मात्र ते माती चाटत आणि गोठ्यातले शेण खात हिंडे.

पाचव्या दिवशी त्याला हगवण लागली. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. आठव्या दिवशी पहाटे मी धार काढायला गेले, तर ते गव्हाणीखाली थंडगार पडलेले. पोरांनी बांधावरच्या चिंचेखाली पुरले. धाकटी दोन दिवस नीट जेवली नाही.

वर्षभराने खंड्या आला. हा चांगला दोन महिन्यांचा होता, पण आमची रीत तीच. नशीब असे की त्याच आठवड्यात गाय बघायला जनावरांचे डॉक्टर आले. हात धुता धुता त्यांचे लक्ष पिल्लाकडे गेले.

"याला किती वेळा घालता?"

"एकदा. रात्री."

"वहिनी, घरातल्या लहान पोराला रात्री एकदाच दामटून भरवलं असतं का?"

मी काय बोलणार? मोत्याची हकिकत त्यांना सांगितली. ते म्हणाले, पिल्लाचे पोट एवढेसे आणि वाढ मात्र दांडगी. माणसाच्या पोराला मोठे व्हायला सोळा-सतरा वर्षे लागतात, पिल्लू वर्षभरात पुरे कुत्रे होते. एका वेळी जास्त कोंबले तर पचत नाही, उपाशी ठेवले तर अंगात साठा नसतो. म्हणून दोन ते तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, आणि त्यानंतर दोन वेळा घालावे. मोठे झाल्यावरही दोन वेळाच बऱ्या. फुगलेले पोट म्हणजे भरलेले पोट असे नव्हे, जंतांनीही पोट फुगते, असे सांगून त्यांनी जंताचे औषध दिले. पिल्लू दोन आठवड्यांचे झाले की ते दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्यायचे असते. तीन महिन्यांचे झाल्यावर पिसाळीची लस टोचून घ्या, हेही बजावले.

आत्याबाईंना हे काही पटेना. "कुत्र्याला चार चार पंगती? बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सुकडीवर दिवस काढले, माणसाला दोन वेळचं मिळत नव्हतं!" त्यांचे चुकीचे नव्हते. त्या खडी फोडायला गेलेल्या बाई. मी त्यांच्यासमोर रात्रीच्याच थाळीतले अन्न चार वाट्यांत वाटून दाखवले. चार वेळा म्हणजे चौपट नव्हे, हे पाहून त्या नुसते "हं" म्हणाल्या.

वेळा मी घड्याळावर नाही, कामावर बांधल्या. सकाळची धार झाल्यावर पहिली, दुपारी आमची भाकरी झाल्यावर दुसरी, चहाच्या वेळी तिसरी आणि रात्री निजानीज व्हायच्या आधी चौथी. थाळी पंधरा-वीस मिनिटे ठेवायची, उरले तर उचलून कोंबड्यांना. पाण्याचे भांडे मात्र दिवसभर भरलेले.

नुसत्या भाकरीवर हाडे धरत नाहीत. म्हणून कुस्करलेली भाकरी किंवा मऊ भात, त्यात फोडणी न दिलेले वरण, एक दिवसाआड उकडलेले अंडे, कधी बिनहाडाचे शिजवलेले मटण. पुष्कळ पिल्लांना दूध सोसत नाही, ढाळ होते. खंड्याला ताक आणि दही मानवले. कांदा-लसूण घातलेला रस्सा कुत्र्याला विषासारखा, त्याने रक्त कमी होते. आणि मी इतकी वर्षे तोच रस्सा खरकट्यातून ओतत आले होते! कोंबडीची शिजलेली हाडेही बंद केली, ती चिरफळतात आणि आतडे फाडतात.

खाणे पुरते की नाही, हे बरगड्यांवरून कळते. हात फिरवला की बोटांना लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. खंड्याचा मी दर आठवड्याला असा अदमास घेई. वाढत्या अंगाला वाटा वाढवावा लागतो, तो मी तसतसा वाढवीत गेले.

सुगीत मी दिवसभर रानात असे, तेव्हा दुपारचा वाटा चुकण्याची भीती होती. एकदा उन्हातून लगबगीने परतले, तर ओट्यावर आत्याबाई बसलेल्या. थाळी चाटूनपुसून लख्ख. "तुझ्या आधीच भुंकायला लागलं," त्या म्हणाल्या, "म्हणून घातलं." त्या दिवसापासून दुपारची जेवणवेळ त्यांचीच झाली.

खंड्या आता तीन वर्षांचा आहे. सकाळ-संध्याकाळ दोनदाच जेवतो. रात्री मोटारीपाशी बसतो, केबल जागेवर आहे. तरी दुपारी आत्याबाई भाकरी मोडू लागल्या की तो उंबऱ्यापाशी येऊन बसतो. "तुझी दुपार बंद झालीय रे," असे त्या म्हणतात आणि पदराआड एक तुकडा सरकवतात. मी बघून न बघितल्यासारखे करते.