अर्थसंकल्पाचा श्रोता

कविता शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना विचारतो : हे कोण, कोणाला उद्देशून बोलत आहे? मुंबई महानगरपालिकेचे अर्थसंकल्प वाचतानाही ही सवय सुटत नाही. १८८८च्या कायद्याची रीत अशी, की आयुक्तांनी अंदाज मांडावेत, स्थायी समितीने तपासावेत, सभागृहाने मंजूर करावेत. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आयुक्तच प्रशासक झाले. म्हणजे मांडणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. २०२३-२४चा अंदाज ५२,६१९ कोटी रुपयांचा होता, २०२५-२६चा ७४,४२७ कोटींचा. इतकी वाढ कशासाठी, त्यापायी ठेवींना किती हात लावावा, हे विचारायला सभागृहात कोणी नव्हते.

नगरसेवक अर्थसंकल्प फार सखोल वाचत असा आमचा भ्रम नाही. पुष्कळांची भाषणे प्रभागातल्या गटारापाशीच संपत. पण ते गटार निदान इतिवृत्तात येई! १ जुलै २०१७ला जकात गेल्यावर राज्याच्या भरपाईवर विसंबणे आले. पाचशे चौरस फुटांहून मोठ्या घरांचा मालमत्ता कर मात्र प्रतिनिधी नसतानाही भरावाच लागला.

जानेवारी २०२६मध्ये निवडणूक झाली. मधल्या जवळजवळ चार वर्षांच्या खर्चाचा हिशेब नव्या सभागृहात कोणी मागतो का, हे आम्ही इतिवृत्तांत शोधणार आहोत.