आमच्या घरचं कुत्रं

खामगाव, मे महिना.

लेकीला हस्की हवाय, निळ्या डोळ्यांचा. पण ती जात सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढायला घडलेली, अंगावर केसांचे दोन थर. इथे पारा ४४ च्या पुढे जातो, दुपारी कूलरही गरम वारा फेकतो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांना. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. कशाला त्या जिवाचे हाल करायचे? त्यापेक्षा कारवानी जातीचा कुत्रा उन्हाला काटक, देखणाही. पण त्याला धावायला रान लागतं, आमच्याकडे नुसती गच्ची. शिवाय सासूबाईंच्या गुडघ्यांना साखळीची ओढ सोसायची नाही.

गल्लीतल्या गावठी कुत्रीची पिल्लं आता डोळे उघडून हुंदडतायत. त्यातलं तांबूस, एक कान उभा नि एक पडलेला, सासूबाईंचा पदर ओढत बसतं. मला तेच हवंय. दोन महिन्यांचं झालं की आणू. लसींचं डॉक्टरांना उद्याच विचारते.