भर पावसात, सायकलीवरून समुद्रापर्यंत

पावसाळा सुरू झाला की बहुतेक घरांत सायकली जिन्याखाली जातात आणि समुद्रावरच्या सहली दिवाळीपर्यंत पुढे ढकलल्या जातात. त्यात गैर काही नाही. पण घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारा रस्ता खऱ्या अर्थाने पाहायचा असेल, तर तो पावसाळ्यातच पाहावा. आणि तोही मोटारीच्या बंद काचेतून नव्हे. सायकलीवर बसले की माती बदलते ते कळते, वास बदलतो ते कळते आणि चढ म्हणजे काय हे तर फारच चांगले कळते.

२०२३ सालच्या जुलैमधल्या एका शनिवारी आम्ही ९ जण कोल्हापूरहून रत्नागिरीला सायकलने निघालो. अंतर साधारण १३० किलोमीटर. आमच्यात कोणी खेळाडू नव्हते. दोन गृहिणी (त्यातली एक मी), एक शिक्षक दांपत्य, कॉलेजात शिकणारी तीन मुले, एक औषध दुकानदार आणि आमच्या गल्लीतले ६४ वर्षांचे काका. सर्वांत लहान मुलगी १९ वर्षांची. रोज सकाळी रंकाळ्याच्या बाजूने २०-२५ किलोमीटर सायकल चालवायची, एवढीच आमची तयारी.

ही सहल ठरली ती काकांमुळे. ते एसटीचे निवृत्त चालक. नोकरीची कितीतरी वर्षे त्यांनी याच मार्गावर काढलेली. दोन्ही गुडघे झिजलेले आणि दिवाळीनंतर शस्त्रक्रिया ठरलेली. सपाटीवर सायकल चालवायला डॉक्टरांची हरकत नव्हती, चढावर मात्र उतरून चालायचे असे बजावलेले. काका म्हणाले, "स्टिअरिंगवर बसून हा रस्ता किती वेळा केला त्याला हिशेब नाही. एकदा स्वतःच्या पायांनी करू दे. मग डॉक्टरांना काय करायचं ते करू देत."

काकूंनी परवानगी दिली, पण एका अटीवर. "नऊजण जाताय, नऊजण एकत्रच समुद्राला पोचायचं. पुढं-मागं झालात तर मला फोन करा, मी एसटीनं येते आणि ह्यांना घेऊन जाते." त्या वेळी आम्ही सगळे हसलो होतो.

ऊस संपतो, भात सुरू होतो

पहाटे ५ वाजता शिवाजी पूल ओलांडला तेव्हा नुसती भुरभुर होती. खाली पंचगंगा गढूळ, पण पात्रात. कोल्हापूरकरांना पावसाळ्यात एक सवय असते. सकाळी उठल्यावर राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी विचारायची. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत केर्लीजवळ हाच रत्नागिरी रस्ता पाण्याखाली गेला होता. त्यामुळे निघण्याआधी आम्हीही आकडा विचारून घेतला होता. पातळी इशाऱ्याच्या बरीच खाली होती.

केर्ली मागे पडले की वाघबीळचा चढ लागतो. डाव्या हाताला पन्हाळ्याचा फाटा. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ते याच पन्हाळ्यावरून, अशाच पावसाळी रात्री. विशाळगडाच्या वाटेवरच्या खिंडीत बाजीप्रभू देशपांड्यांनी शत्रूला रोखून धरले. गाडीतून जाताना हा इतिहास पाटीवर वाचून संपतो. ओल्या अंगाने, धापा टाकत तो चढ चढताना मात्र चिखलातून, अंधारातून पालखी खांद्यावर घेऊन धावणाऱ्या माणसांचा विचार मनातून जात नाही.

बांबवड्याला मिसळ आणि चहा झाला. इथपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. मलकापूरच्या पुढे शेतांचा चेहरामोहराच बदलतो. ऊस विरळ होतो, भाताची खाचरे सुरू होतात आणि पावसाचा जोर वाढतो. याचे कारण सोपे आहे. समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि सगळे पाणी तिथेच ओततात. पूर्वेकडे सरकेपर्यंत ढग बरेचसे रिकामे झालेले असतात. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तर कोल्हापूर शहरात त्याच्या निम्म्याहून कमी. हे आपण शाळेत भूगोलात शिकतो. सायकलवर ते ताशी १५ किलोमीटरच्या वेगाने अंगावर येते.

आणखी एक गैरसमज इथे दूर होतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, तेव्हा समुद्राकडे जाणे म्हणजे नुसता उतार असे आम्हाला वाटले होते. प्रत्यक्षात आंब्यापर्यंत रस्ता चढतच राहतो. मधे एक पंक्चर झाले. पावसात ते जास्त होतात, कारण ओल्या टायरला काचेचे तुकडे आणि काटे चिकटून राहतात आणि हळूहळू आत शिरतात.

आंब्याच्या धुक्यात

आंबा गाव साधारण निम्म्या वाटेवर. आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि समोरची सायकल दिसत नव्हती, इतके धुके. पाऊस तिरका लागत होता. चहाच्या टपरीत आम्ही दाटीवाटीने उभे राहिलो.

मुलांचे म्हणणे, "थांबून काय होणार? दिवे लावून हळूहळू उतरू. उशीर झाला तर पुढे अंधार पडेल." मलाही ते पटत होते. काका मात्र हलेनात. "तुम्हाला पुढचं दिसत नाही हे खरं. पण मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही, त्याचं काय? धुकं उठेपर्यंत सायकल खाली जाणार नाही."

त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी पुढे कोणी बोलले नाही. प्रवाशांनी भरलेली गाडी या घाटातून वर्षानुवर्षे सुखरूप नेलेल्या माणसाचा तो शब्द होता. २०२१ च्या जुलैमधल्या अतिवृष्टीत याच घाटात दरडी कोसळल्या होत्या, रस्ता खचला होता आणि वाहतूक बंद पडली होती. काकांनी टपरीवाल्याकडे, वरून-खालून येणाऱ्या चालकांकडे चौकशी सुरू केली. कुठे दगड आलेत, कुठे पाणी रस्त्यावरून वाहते आहे, हे सगळे त्यांनी विचारून घेतले.

दोन तासांनी वारा फिरला आणि धुके वर सरकले. एकामागून एक, दोन सायकलींत २०-२५ हातांचे अंतर ठेवून आम्ही उतरलो. डावीकडे दरीत ढग, उजवीकडे कड्यावरून कोसळणारे पाणी. एका वळणावर ताज्या मातीचा आणि नारळाएवढ्या दगडांचा ढीग निम्म्या रस्त्यावर आलेला होता. तिथून आम्ही सायकली हातात धरून चाललो. तो ढीग केव्हा पडला, हे कोणाला विचारावेसे वाटले नाही.

साखरप्याचा थांबा

साखरप्याला पोचेपर्यंत पावणेचार झाले. हवा एकदम कोमट, माती तांबडी. जांभ्या दगडाचे गडगे, काजू-फणसाची झाडे आणि खाचरांत लावणीला वाकलेली माणसे. एकेकाच्या पाठीवर इरले. शेजारून काजळी नदी तांबडेलाल पाणी घेऊन वाहत होती.

रत्नागिरी अजून ५० किलोमीटर होती. काकांचा उजवा गुडघा सुजला होता. ते स्वतःच म्हणाले, "मी एसटीनं पुढं जातो. तुम्ही या सावकाश." आणि योगायोग असा, की रत्नागिरीची गाडी समोर येऊन थांबली. चालक त्यांचा जुना सहकारी निघाला. "मास्तर, तुम्ही? आणि सायकलवर? चला, चढा. सायकल टपावर टाकू."

सगळे गप्प. खरे सांगायचे तर तो मार्ग सर्वांच्याच सोयीचा होता. मुलांना अंधाराआधी समुद्र गाठता आला असता, काकांच्या पायाला आराम मिळाला असता. कोणी कोणाला दोष दिला नसता. इतक्यात ती १९ वर्षांची मुलगी म्हणाली, "मग काकूंना काय सांगायचं? आठजण पोचलो?"

गाडी थोडा वेळ थांबली आणि गेली.

आता मुक्कामाचा प्रश्न. काकांच्या ओळखीचे एक घर जवळच्याच वाडीत होते. त्या घरातल्या आजींनी ९ चिखलाने माखलेली माणसे अंगणात पाहून एवढेच म्हटले, "आधी पाय धुवा. मग सांगा कोण ते." रात्री गरम भात, कुळथाचे पिठले आणि सुकटीची चटणी. शाकाहारींना वेगळे ताट. चुलीवरच्या दोरीला आमचे कपडे वाळत घातले. सकाळी ते वाळले नव्हते, धुराचा वास मात्र पक्का बसला होता. काकांच्या गुडघ्याला आजींनी गरम मिठाच्या पोटलीने शेक दिला. काकूंना फोन झाला. पलीकडून आवाज आला, "थांबलात ना सगळे? मग बरं."

रोज येऊन न पाहिलेला समुद्र

दुसऱ्या दिवशी सूज उतरली होती. तरीही चढावर काका उतरून चालत आणि ते चालले की आम्हीही चालू. नाणीज, पाली, मग मुंबई-गोवा महामार्गावरून हातखंबा. तेव्हा चौपदरीकरणाचे काम ठिकठिकाणी सुरू होते. चिखल आणि ट्रक यांचा हा पट्टा सर्वांत कंटाळवाणा गेला. हातखंब्यापासून मात्र उतार लागला आणि वाऱ्याला खारट वास येऊ लागला.

रत्नागिरीत पाहायला पुष्कळ आहे. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, ब्रह्मदेशच्या थिबा राजाला नजरकैदेत ठेवलेला राजवाडा, पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग. पण आम्ही कुठेही न थांबता थेट भाट्ये पुलावर गेलो. साखरप्याला भेटलेली काजळी नदी इथे खाडी होऊन समुद्राला मिळते. तिचे तांबडे पाणी आणि समुद्राचे करडे पाणी यांची सीमा पुलावरून स्पष्ट दिसत होती. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्यामुळे राजिवड्याच्या बाजूला होड्या प्लास्टिकची कापडे पांघरून विसावल्या होत्या.

भाट्याच्या सुरूच्या बनातून वाळूवर उतरलो. लाटा इतक्या मोठ्या की आवाजात बोलणे ऐकू येईना. पाण्यात कोणी उतरले नाही. जुलैचा समुद्र दुरूनच पाहायचा असतो. काका सायकल धरून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "इतकी वर्षं रत्नागिरीला आलो. पण गाडी स्टँडवर लागायची, जेवायचो, झोपायचो आणि परत फिरायचो. हे बघायचं राहूनच गेलं होतं."

आमच्यापैकी एकीने काकूंना फोन लावला आणि काही न बोलता तो लाटांकडे धरला.

तुम्हाला जायचे असेल तर

अशी सहल कोणालाही जमण्यासारखी आहे. मात्र काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात.

हवामान खात्याचा इशारा पाहूनच निघावे. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर सहल रद्द करावी. घाट खुला आहे का, याची त्याच दिवशी चौकशी करावी.

पावसात ब्रेक उशिरा लागतात. निघण्यापूर्वी ब्रेकची रबरे नवी घालावीत आणि उतारावर ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा थोडा लावावा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, शेवाळ आणि पुलांवरचे लोखंडी सांधे निसरडे असतात. तिथे वळू नये.

मागे लाल दिवा आणि अंगात भडक रंगाचे जाकीट हवेच. जादा ट्यूब, पंप, मोबाईल आणि कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्यावेत. पावसात तहान जाणवत नाही, पण घाम जातोच. दर तासाला पाणी प्यावे, चिक्की किंवा केळे खावे.

सर्वांत सराईत माणसाने शेवटी राहावे आणि त्याने कोणालाही मागे टाकू नये. प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी थांबावे. गुडघ्याचा, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. आणि मुक्कामाला एक दिवस जास्तीचा हाताशी ठेवावा. तो नसता, तर साखरप्याला आमचा निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

परतीला आमच्या सायकली टेम्पोतून आल्या आणि आम्ही एसटीने. काका पहिल्या बाकावर, चालकाच्या मागे बसले होते. घाट लागला तसे ते पुढे वाकले आणि गाडी आंब्याला येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीनंतर त्यांची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. आता ते सकाळी रंकाळ्याला चालत येतात आणि आमच्या सायकलींची हवा बोटाने दाबून पाहतात.