दोन पथ्यं, एक ताट

मैत्रिणींनो, संक्रांतीचं सुगड डोळ्यांपुढं आणा. उसाचे तुकडे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, गाजर आणि वर तीळगूळ. यंदा आमच्या शिवाजी पेठेत शेजारच्या वाड्यात हळदीकुंकवाला गेले, तेव्हा वाण हातात घेता घेता मनात हिशेब सुरू झाला. ऊस, बोरांची साल, हरभरा, शेंगा हे सगळं माझ्या आतड्यात अडकणार. गाजर कच्चं चालत नाही. राहिला तीळगूळ, तर त्यानं साखर वाढणार! एका सुगडात दोन्ही पथ्यांचं वैर मला भेटलं. वाण कपाळाला लावलं, हसून घेतलं नि घरी आले.

ही दोन पथ्यं कुठली, ते सांगते. सांगायला मला फार वर्षं लागली, म्हणून आज सगळंच सांगते.

सहा वर्षांपूर्वी माझं मोठं आतडं काढून टाकावं लागलं. व्रणांचा जुना आजार होता. रक्त पडून पडून अंगात काही उरलं नव्हतं. लहान आतड्याचं टोक पोटावर उजव्या बाजूला बाहेर आणून तिथं पिशवी चिकटवलेली असते. डॉक्टर याला इलिओस्टॉमी म्हणतात आणि पोटावरच्या त्या तोंडाला स्टोमा. दिसायला ते ओठाच्या आतल्या बाजूसारखं लाल, आणि स्पर्श केला तरी दुखत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा पिशवी रिकामी करायची, तीन-चार दिवसांनी बदलायची. नऊवारी नाही, पण पाचवारी नेसून मी सगळी कामं करते. शेजारणींना आजवर कळलं नव्हतं, यातच मला मोठा पराक्रम वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी रक्त तपासलं, तर उपाशीपोटी साखर ११४ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी ६.१. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा ती सरासरी ५.७ ते ६.४ आली, की माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा आहे असं समजतात. आत पाऊल पडलेलं नसतं, मागं फिरता येतं. मी लगेच साखरेच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी विचारलं, "पूर्वी काही ऑपरेशन?" मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "पोटाचं झालंय एक." पुढं ते काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. परक्या पुरुषासमोर पिशवीचं नाव काढायची लाज वाटली, दुसरं काय!

त्यांनी दिलेला कागद इतर कुणालाही उत्तमच होता. कच्च्या कोशिंबिरी, मोड आलेली कडधान्यं, सालासकट फळं भरपूर. भात, केळं, बटाटा, साबुदाणा जवळजवळ बंद. भर म्हणून शेजारच्या काकूंनी सांगितलं, "वैनी, रोज सकाळी भिजवलेली मेथी गिळा बघा, साखर कुठल्या कुठं जाईल!" गिळली. संध्याकाळी पिशवीत मेथीचे दाणे जसेच्या तसे! तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

सातव्या दिवशी दुपारी मटकीची उसळ, वर काकडी, संध्याकाळी मक्याचं कणीस. रात्री पिशवी कोरडी. पोटात कळा, मग उलट्या. पहाटे दोनला यजमान मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. नाकातून नळी आणि दोन दिवस सलाईन. नशिबानं वाट आपोआप मोकळी झाली, पुन्हा पोट फाडावं लागलं नाही.

घरी आल्यावर मी इतकी घाबरले, की फक्त मऊ भात, केळं आणि साबुदाण्याची खिचडी एवढंच खाऊ लागले. पिशवी खूश, पण तीन महिन्यांनी सरासरी ६.३! रडू फुटलं. सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, दोन डॉक्टरांना दोन अर्ध्या गोष्टी सांगितल्यास. पुरी कुणालाच नाही. मग पथ्य तरी पुरं कसं मिळंल?"

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनचे कागद घेऊन त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या. या वेळी मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी जुना कागद बाजूला ठेवला आणि अर्धा तास बसून नवा लिहिला. त्यातून आणि माझ्या वहीतून जे हाती आलं, ते इथं देते. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ते घ्या, कारण पिशवी कुठल्या आतड्याला आहे त्यावर पथ्य बदलतं. मोठ्या आतड्याची पिशवी असेल, तर बंधनं बरीच कमी असतात.

भाज्या सोडायच्या नाहीत, त्यांचं रूप बदलायचं. दुधी, दोडका, पडवळ यांची साल आणि बिया काढून मऊ शिजवायचं. टोमॅटो उकळत्या पाण्यात बुडवून सोलायचा. पालेभाजी बारीक चिरून, डाळीत घोटून. शेवग्याच्या शेंगेचा फक्त गर घ्यायचा. शेंगदाणे अख्खे नाहीत, कूट अगदी बारीक वाटून थोडंच. खोबऱ्याचा कीस नाही, पण वाटून गाळलेल्या नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा मला सोसतो. कोल्हापूरच्या बाईला एवढं तरी हवंच की!

भात बंद नाही, पण तो एकटा खायचा नाही. आधी भाजी आणि वरण, अंडं किंवा मासा, शेवटी अर्धी वाटी भात. घरी साखर मोजायचं यंत्र आणलं. ताटभर भातानंतर दोन तासांनी १८२ आली होती. या पद्धतीनं जेवले तेव्हा १४६. आकडा बघितला, की मन आपोआप ऐकतं. ज्वारीचं पीठ चाळून केलेली मऊ भाकरीही आता अर्धी चालते, पण वरणात कुस्करून. थोडं थोडं पाच वेळा खायचं, घास पातळ होईपर्यंत चावायचा आणि रात्रीचं जेवण लवकर उरकायचं, म्हणजे झोपेत पिशवी भरत नाही. संध्याकाळी जेवून रंकाळ्यावर वीस मिनिटं चालते. तेही औषधच.

आता पाण्याचं. मोठं आतडं नसलं की अंगातलं पाणी आणि मीठ पिशवीवाटे जातं. नुसतं पाणी ढसाढसा पिऊन ते भरून येत नाही. उन्हाळ्यात पिशवी पातळ झाली, की क्षारसंजीवनीचं पाणी घोट घोट घ्यावं लागतं. त्यात साखर असते म्हणून मी ते सोडलं होतं, आणि चक्कर येऊन ओट्याशी बसले होते! डॉक्टरांनी समजावलं, की ती थोडी साखरच मिठाला आतड्याच्या भिंतीतून आत नेते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच साखर-मिठाचं पाणी पाजून पटकीचे असंख्य रोगी वाचवले. आजच्या पाकिटात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, बाटलीतल्या थंड पेयात त्याच्या सात-आठ पट. म्हणून पाकीट हे औषध समजायचं, आणि थंड पेय, उसाचा रस यांना नमस्कार. ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी मिठाचं प्रमाण विचारून घ्यावं.

गोळ्यांचंही ध्यानात ठेवा. सावकाश विरघळणारी गोळी कधी कधी अख्खीच पिशवीत येते, म्हणजे तिचा उपयोग शून्य. साखरेच्या काही गोळ्यांनी पोट पातळही होतं. गोळी लिहून घेतानाच पिशवी आहे म्हणून सांगा. पिशवी चार-सहा तास कोरडी राहून पोटात कळा आल्या, उलट्या झाल्या, तर घरचा जुलाब मुळीच घेऊ नका, सरळ दवाखाना गाठा. उलट दिवसाला दीड लिटरच्या वर पातळ जाऊ लागलं, तरीही तसंच करा.

एक गोष्ट वाचून मला फार धीर आला. आज आपण लावतो तशा चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना १९५४ साली डेन्मार्कच्या एलिसे सोरेन्सन या परिचारिकेला सुचली. तिच्या थोरा नावाच्या बहिणीला स्टोमा होता, आणि गळतीच्या भीतीनं ती घराबाहेर पडत नव्हती. एका बहिणीनं दुसरीसाठी केलेली ही वस्तू आहे! आणि मी मात्र ती पदराखाली लपवून साऱ्यांपासून दूर राहत होते.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या काकूंना घरी बोलावून सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि मी तुम्हाला मेथी गिळायला लावली!" आम्ही दोघी हसलो, डोळे मात्र भरले होते. परवा त्यांनी सोललेल्या दुधीची भाजी आणून दिली, बिया वेचून काढलेली.

साखरेची सरासरी सध्या ५.८ आहे. उंबरठा ओलांडलेला नाही, आणि पिशवीही सुखात आहे. तुमच्या घरात, नात्यात कुणाला अशी पिशवी असेल, तर तिला एवढंच सांगा, की डॉक्टर कुठलाही असो, दाताचा असो की डोळ्यांचा, पहिलं वाक्य पिशवीचं बोल. लाजेपायी मी दोन रात्री सलाईनवर काढल्या. तुम्ही काढू नका.