घाटात थांबलेली गाडी

आमचे आप्पा कर्जतच्या मालधक्क्यावर गुड्स क्लार्क होते. कोणता माल कोणत्या वाघिणीत चढला, कधी निघाला, कुठे उतरायचा, हे सगळे त्यांना तोंडपाठ असे. लहानपणी मी वाण्याकडून चार जिनसा आणायला जाऊन तीनच घेऊन परतलो, की ते म्हणत, "अरे, एवढ्याशा वाटेत तुझ्या वाघिणीतला माल गळतो कसा रे?" अशा माणसाला एके दिवशी हातातल्या किल्लीला काय म्हणतात ते आठवेना, तेव्हा आम्ही सारे हसलो. आप्पाही हसले. म्हातारपण, दुसरे काय!

पण हसू फार दिवस टिकले नाही. एका सकाळी त्यांनी मला तासाभरात सात वेळा विचारले, "आज वार कोणता रे?" सातव्या खेपेस मी ओरडलो, "किती वेळा सांगू, आप्पा? गुरुवार! गुरुवार!" आप्पा खुर्चीत आक्रसले. हात जोडून म्हणाले, "रागावू नका, साहेब. चूक झाली."

आप्पांनी मला जन्मात कधी अहोजाहो केले नव्हते. मारतानाही मी 'तू'च होतो. त्यांचे ते 'नका' मला अजून ऐकू येते.

माझी पुतणी जीवशास्त्र शिकते. त्या रात्री तिने माझा पडलेला चेहरा पाहिला आणि वाणसामानाच्या यादीमागे एक चित्र काढले. वाटोळे डोके आणि लांबच लांब शेपूट. म्हणाली, "काका, ही चेतापेशी. लागणारा बहुतेक माल या डोक्यातच तयार होतो, आणि खपतो मात्र शेपटीच्या पार टोकाला. कमरेपासून पावलापर्यंत जाणारी शेपटी जवळजवळ एक मीटर भरते. तेव्हा माल वाहून न्यायलाच हवा."

मी सरसावून बसलो. मालाची गोष्ट निघाली म्हणजे मी आप्पांचा मुलगा!

या शेपटीत खरोखरच रूळ असतात. प्रथिनांच्या पोकळ, अतिसूक्ष्म नळ्या. त्यांवरून कायनेसिन नावाचे हमाल-रेणू पाठीवर गाठोडे घेऊन, एकापुढे एक पाय टाकीत टोकाकडे चालतात. पाऊल केवढे? मिलिमीटरचे दहा लाख भाग करा आणि त्यांतले आठ घ्या. हा हमाल १९८५ साली अमेरिकेत वुड्स होल येथे माकुळाच्या जाड मज्जातंतूत सापडला. परतीचा माल, म्हणजे मोडतोड आणि टोकाकडचे निरोप, डायनीन नावाचा दुसरा हमाल आणतो. जलद गाडी दिवसाला चाळीसेक सेंटिमीटर जाते. पण काही माल अगदी पॅसेंजरने, दिवसाला एखाददुसरा मिलिमीटर. १९४८ साली पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी प्राण्यांचा मज्जातंतू एका जागी आवळून पाहिला. अडथळ्याच्या अलीकडे तो फुगला, पलीकडे रोडावला. बांध घालावा आणि पाणी तुंबावे, तसे.

हे ऐकताना मला कर्जतचा पावसाळा आठवला. भोरघाटात दरड कोसळली की इकडे वाघिणींची रांग लागे आणि आप्पा रात्र रात्र घरी येत नसत. माल होता, गाड्या होत्या, माणसे होती. फक्त वाट नव्हती.

१९०६ साली आलोइस आल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ट्युबिंगेनच्या सभेत एका बाईची हकीकत सांगितली. ही बाई पन्नाशीतच सारे विसरत गेली होती. तिच्या मृत्यूनंतर मेंदूत त्यांना पेशींबाहेर साचलेला गाळ आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते दिसले. हे गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे, हे पुढे कितीतरी वर्षांनी कळले. टाऊ एरवी त्या रुळांना चिकटून असते आणि त्यांना आधार देते. आमच्या भाषेत रुळाखालचे स्लीपरच म्हणा. आजारात त्याच्यावर फॉस्फेटचे कण अतोनात चढतात. मग ते सुटते आणि त्याचे गुंते होतात. रूळ डळमळतात, गाठोडी जागोजाग तुंबतात, आणि टोकाला, जिथे एक पेशी दुसरीशी बोलते, तिथे उपासमार होते.

"म्हणजे गाडी अडली म्हणून आजार झाला?" मी विचारले.

"की आजार झाला म्हणून गाडी अडली? त्यावरच तर शास्त्रज्ञ भांडताहेत," ती म्हणाली. टाऊच्या जनुकातला दोषही एका प्रकारचा स्मृतिभ्रंश घडवतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले; पण आल्झायमरच्या आजारात आधी काय बिघडते, हा वाद मिटलेला नाही. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका आणि त्यांचे सहकारी एका मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीत ही वाहतूक जिवंतपणी पाहतात, हे ऐकून मात्र मला फार बरे वाटले. कर्जतहून काही लांब नाही!

मी उत्साहाने म्हटले, "तरीच! जुना माल केव्हाच पोचला, म्हणून आप्पांना १९७१ सालच्या गाड्या आठवतात. आजचा माल घाटात अडकलाय."

"काका, उपमा फार ताणू नका. आठवणी म्हणजे काही साखरेची पोती नव्हेत."

मी गप्प बसलो. पोरीचे बरोबर होते. आणि रूळ पुन्हा नीट करणारे औषध तिच्या वहीतही नव्हते. पण दुसऱ्या दिवशी आप्पांनी नऊ वेळा वार विचारला, आणि मी नऊ वेळा सांगितला. दहाव्यांदा चिडलो, हेही कबूल करतो.

यंदा नरकचतुर्दशीला पहाटे मी त्यांना उटणे लावले, न्हाऊ घातले, नवा सदरा चढवला. फराळाचे ताट पुढे ठेवले. त्यांनी खिडकीबाहेरच्या काळोखाकडे पाहून विचारले, "गाडी सुटली का हो?"

"नाही अजून, आप्पा. घाट चढायला मागून बँकर लागायचंय."

"मग उभे का? बसा की," आप्पा म्हणाले, आणि आपल्या ताटातली चकली मोडून निम्मी त्यांनी माझ्या हातावर ठेवली.