पास झालेला प्लॅन आणि बांधायचे घर

महाराष्ट्रात स्वतःच्या प्लॉटवर घर बांधू पाहणारे बहुतेक लोक आर्किटेक्टकडे जातात ते ‘प्लॅन पास करून’ घ्यायला. ते काम टळत नाही. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, मोजणीचा नकाशा आणि बिनशेतीचे कागद पाहून आर्किटेक्ट चटई क्षेत्र निर्देशांकाचा हिशोब करतो, चारही बाजूंची सामासिक अंतरे सोडतो आणि नकाशा दाखल करतो. मात्र या नकाशात परवानगी देणाऱ्या कार्यालयाला हवे तेवढेच असते. पलंग कुठे येईल, विजेची बटणे कोणत्या हाताला असतील, मोरीचे पाणी कुठून बाहेर जाईल, हे त्यात नसते. तरीही कितीतरी बंगले याच एका नकाशावर उभे राहतात. उरलेले शेकडो निर्णय मिस्त्री, प्लंबर आणि वायरमन साइटवर उभ्या-उभ्या घेतात. मग घर कुणी डिझाइन केले, या प्रश्नाला खरे उत्तर ‘कुणीच नाही’ असे निघते.

डिझाइनची सुरुवात घरच्यांच्या माहितीपासून होते. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार नोंदणी असल्याशिवाय कुणालाही आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, तेव्हा नोंदणी आधी पाहून घ्यावी; पण ही माहिती नोंदणीकृत माणसालाही घरच्यांनीच द्यावी लागते. मोबाइलमध्ये जमवलेले इतरांच्या घरांचे फोटो तिथे फारसे कामाचे नसतात. उपयोगी पडते ते वेगळेच: स्वयंपाक कोण करते आणि त्या व्यक्तीची उंची किती (ओट्याची उंची साधारण ३२ ते ३४ इंचांत त्यावरूनच ठरते), गणपतीत पंगत किती जणांची बसते, कुरडया-पापड कुठे वाळतात, रात्रपाळीचा माणूस दिवसा कुठे झोपतो, भांडी घासायला येणाऱ्या मावशी कोणत्या दाराने येतात. बजेटही खरे सांगावे. आकडा कळला तर आर्किटेक्ट तो संपवेल, या भीतीने तो लपवला जातो आणि मग चांगला जमलेला प्लॅन पहिल्या अंदाजपत्रकालाच मोडावा लागतो.

वास्तुशास्त्र पाळायचे असेल तर तेही पहिल्याच बैठकीत सांगावे. पाया भरल्यावर स्वयंपाकघर आग्नेयेला सरकत नाही. पुण्याच्या बाजूला वारा वर्षाचा बराच काळ पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे आग्नेयेच्या स्वयंपाकघरातला फोडणीचा वास घरात न फिरता बाहेर जातो. नैर्ऋत्येची झोपायची खोली मात्र पावसाच्या वाटेवर येते; तिथे खिडकीवर खोल छज्जा नसेल तर भिंतीला ओल धरतेच. उन्हाचेही असेच. दक्षिणेचे दुपारचे ऊन छज्जा अडवतो. पश्चिमेचे ऊन तिरपे येत असल्याने तो तिथे पुरत नाही, आणि संध्याकाळपर्यंत तापलेली भिंत रात्री खोलीत उष्णता सोडत राहते. जमिनीखालचा प्रश्न आणखी खर्चाचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यावर न टेकवता खालच्या मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत न्यावा लागतो. मुरूम किंवा कातळ किती खोल आहे, हे खड्डा घेऊन आधीच पाहिले तर अंदाजपत्रक खरे निघते.

पहिला प्लॅन हातात आला की घरचे लोक खोल्यांची मापे वाचतात आणि बाहेरून घर कसे दिसेल त्याचे रंगीत चित्र मागतात. जिन्याकडे सहसा कुणी पाहत नाही. दोन मजल्यांमध्ये १० फूट उंची आणि ६ इंचांची पायरी धरली तर २० चढ येतात. मध्ये वळणारा, दोन्ही बाजू प्रत्येकी ३ फूट रुंद असलेला जिना केला तर तो साधारण ७ बाय ११ फूट जागा खातो. ही जागा नंतर ‘काढता’ येत नाही. काढली तर पायऱ्या उंच होतात आणि आजी-आजोबा वर जायचे थांबतात. कॉलमचेही तसेच. ९ इंची कॉलम ६ इंची भिंतीला लागून आला की कोपऱ्यात ३ इंच पुढे येतो आणि नेमका कपाटाच्या आड. म्हणून प्लॅनवर फर्निचर काढून घ्यावे आणि आर.सी.सी. डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला आर्किटेक्टसोबत सुरुवातीलाच बसवावे.

यानंतर येतात कामाचे नकाशे, आणि काटकसर नेमकी इथेच केली जाते. दारे-खिडक्यांचे तक्ते, बाथरूमच्या चारही भिंतींची चित्रे, पाइपांच्या वाटा, फरशीचा उतार, छज्ज्याखालची पाणपट्टी हे सारे दिसायला रुक्ष. पण ठेकेदाराचे दर याच कागदांवर ठरतात. कागद नसले की प्रत्येक गोष्ट ‘एक्स्ट्रा’ होते.

पैशाचे लेखी असावे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या नदीकाठी मीस व्हॅन डर रोहे यांनी एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी बांधलेले काचेचे घर १९५१ मध्ये पूर्ण झाले. वास्तुकलेच्या पुस्तकांत ते आदराने छापले जाते. मालकीण आणि आर्किटेक्ट मात्र खर्चावरून कोर्टात गेले. फी बांधकाम खर्चाच्या टक्केवारीत, चौरस फुटावर किंवा ठोक रकमेत ठरते. टक्केवारीत खर्च वाढला की फीही वाढते, एवढे लक्षात ठेवावे. पद्धत कोणतीही असो, हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावेत. आर्किटेक्टच्या ठरावीक भेटी म्हणजे रोजची देखरेख नव्हे. तिच्यासाठी वेगळा माणूस लागतो आणि त्याचा पगार मालकाला द्यावा लागतो.

काम सुरू झाल्यावर लाइन आउटच्या, म्हणजे जमिनीवरच्या आखणीच्या दिवशी आर्किटेक्ट आणि घरचे लोक दोघांनीही हजर राहावे, कारण चुन्याच्या रेघा पुसता येतात. जोते तपासणीनंतर बाहेरची रेषा बदलली तर सुधारित मंजुरी लागते, नाहीतर भोगवटा प्रमाणपत्र अडते. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचे, पाइप आणि वायरिंगच्या नळ्या दिसतील असे, मापपट्टी धरून फोटो काढावेत. प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे आर्किटेक्टकडून शेवटच्या हप्त्याआधी मागून घ्यावेत. हप्ता दिल्यावर ते सहसा मिळत नाहीत.